खिडकीजवळची जागा

पुणे, १९ एप्रिल २००१

प्रिय हर्षाली,

पोचले एकदाची. एसटीत नारायणगावपर्यंत आईची आठवण येत होती, मंचरपर्यंत तुझी आणि राजगुरुनगरच्या पुढे मला झोपच लागली, त्यामुळे कुणाचीच नाही.

मॅडमचं काम कोथरूडला आहे. खाली कपडे शिवायची जागा, वर आम्हा मुलींची खोली. दोन महिने बिनपगारी शिकायचं, जेवण त्यांच्याकडे. काय काय शिकतेय ते सगळं सावकाश लिहीन. मोठी मोठी माणसं येतात इथे, एवढं सांगून ठेवते.

आता खरी बातमी. पहिल्या दिवशी मी तू शिवलेलं जाकीट घातलं होतं. आईच्या जुन्या इरकलीचं, काठ तिरपा घेतलेलं. मॅडमनी मला दारातच थांबवलं, उलटं वळवलं आणि विचारलं, "हे कुणी कापलं?" माझी जीभ जरा अडखळली, पण खरं सांगितलं. "माझ्या आतेबहिणीनं." त्या म्हणाल्या, "मग ती कुठे आहे?"

आता तूच सांग, काय उत्तर देऊ! कांदा काढणीला आहे म्हणून सांगू?

पण ऐक. जूनपासून त्या दोन मुली वर्षभरासाठी ठेवणार आहेत. राहणं, जेवण आणि थोडा पगारही. एक मी, म्हणजे बहुतेक मी. दुसरी तू. मी नाव सांगून टाकलंय. मे संपायच्या आत तुझ्या आबांचा, सयाजीमामांचा होकार मिळव. आत्याला आधी घोळात घे, मग मामांना.

ओतूरला आमच्याकडे राहून शिवण शिकलीस, तेव्हा दोन वर्षं एका मशीनवर भांडलो आपण. इथे दोघींना वेगळं मशीन मिळेल.

तुझीच,
मंगल

राजुरी, २६ एप्रिल २००१

प्रिय मंगल,

तुझं पत्र आलं तेव्हा मी शेतात होते, म्हणून घात झाला. आमच्याकडची रीत तुला माहीत आहे. आईला वाचता येत नाही, म्हणून घरात आलेलं पत्र संध्याकाळी ओट्यावर मोठ्यांदा वाचायचं. एरवी मी वाचते आणि नको ते गाळते. या वेळी आबांनीच फोडलं. हौशीरामकाका बसलेले, शेजारची सखूबाई बसलेली. सगळ्यांनी ऐकलं.

आबा चिडले नाहीत. पण म्हणाले, "लोकांची ब्लाउजं शिवायला माझी पोरगी पुण्याला? मंग वावर कशाला ठिवलंय आमी?" सखूबाई लगेच म्हणाली, "शिंपीकामच करायचं तं ओतुरात काय मशिनी कमी हायेत व्हय?" हौशीरामकाका नुसते तंबाखू मळत हसले.

नंतर जेवताना आबांनी हळूच विचारलं, "त्या घरात वडीलधारं कोण हाय?" मला माहीत नव्हतं. मी भाकरी वाढली.

मंगल, तू आबांना स्वतः पत्र लिही. माझं ऐकत नाहीत, पण तुला ते हुशार समजतात. "मंगलला व्यवहार कळतो," असं आईला म्हणताना मी ऐकलंय. मला तिथे यायचंय गं. अठरा पूर्ण झाली मार्चमध्ये, हौशीरामकाका घरी आले की माझ्याकडे बघून स्थळं मोजल्यासारखं करतात. काल आई म्हणाली, पोरगी उन्हात काळी पडली, उद्यापासून कांद्यात जाऊ नको. त्या बोलण्याचा अर्थ मला कळतो.

जाकिटाबद्दल मॅडम अजून काय म्हणाल्या? काठाचा जोड दिसला का त्यांना? बगलेत थोडा चुकलाय.

तुझी,
हर्षाली

पुणे, २ मे २००१

ती. सयाजीमामांना मंगलचा नमस्कार.

हर्षालीच्या पत्रावरून समजलं की आपल्याला इथलं काम शिंपीकामासारखं वाटतं. म्हणून मुद्दाम लिहीत आहे. मामा, हे शिंपीकाम नाही. इथे ब्लाउजं शिवायला कुणी येत नाही. मॅडमचे कपडे मोठमोठ्या हॉटेलांत होणाऱ्या फॅशन शोमध्ये दाखवतात. मागच्या आठवड्यात मी अशा शोला गेले होते. सिनेमातली माणसं होती, परदेशी पाहुणे होते. आमच्यासाठी वेगळी गाडी होती. सगळं आटोपून परत यायला रात्रीचे दोन वाजले, पण मुंबई-पुण्यात याला कुणी उशीर म्हणत नाही.

मॅडम फार पुढारलेल्या आहेत. सगळे निर्णय स्वतः घेतात, त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. आम्हा मुलींनाही त्या तसंच मोकळेपणानं वागवतात. फोटोग्राफर येतात, वर्तमानपत्रात फोटो छापून येतात. हर्षालीचा चेहरा-बांधा पाहून तर ते तिचेही फोटो काढतील, अशी माझी खात्री आहे. तिचं आणि आपल्या घराचं नाव होईल.

ब्लाउज शिवण्यासाठी आपल्या मुलीला पाठवा, असं मी कधीच म्हणाले नसते. आपण मोठ्या मनानं परवानगी द्यावी. आत्याला नमस्कार.

आपली,
मंगल

राजुरी, ११ मे २००१

प्रिय मंगल,

तू आबांना लिहिलेलं पत्र पोचलं. ओट्यावरच वाचलं. आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी हौशीरामकाकांबरोबर मंचरला गेले, कांद्याच्या कामाला असेल.

इकडे लगीनसराई जोरात आहे. आमच्या भावकीतलं, चुलतभावाचं लग्न आहेच, तुला माहीत आहे. परवा ओतूरला बस्त्याला जायचंय. तुझ्या आईला, मामीलाही बोलावलंय. मामीला मीच सांगितलंय की मंगलला काही कळवू नको, मी लिहिणार आहे. म्हणून तिच्याकडून पत्र नाही आलं तर काळजी करू नको.

मॅडमना सांग, जाकिटाच्या बगलेतला जोड मी सुधारून देईन.

फार लिहवत नाही. हात दुखतोय.

हर्षाली

पुणे, १६ मे २००१

हर्षे,

हात दुखतोय म्हणे! मी रोज किती काम करते ते तुला कळलं तर हात दुखतो म्हणायची लाज वाटेल. असो.

आबा काही बोलले नाहीत म्हणजे अर्धं काम झालं. नाही म्हणायचं असतं तर त्याच रात्री ओट्यावर म्हणाले असते. मी तर मॅडमना सांगून टाकलं, येतेय म्हणून. त्यांनी जागा धरून ठेवलीय. महिनाअखेर कळव, फक्त हो एवढंच लिहिलेलं कार्ड चालेल.

बस्त्याला गेलीस का? तुझ्या चुलतभावाच्या नवरीची साडी कोण काढणार? दुकानदार टिकल्यांच्या साड्या पुढे टाकेल, त्या घेऊ देऊ नको. दोन धुण्यांत टिकल्या निघतात आणि खाली डाग राहतात. नवरी सावळी असेल तर गडद जांभळी बघ, काठ बारीक. तिला विचारा तरी, काय आवडतं ते. आपल्याकडे नवरीला सोडून बाकी सगळ्यांना विचारतात. ओतूरच्या दुकानात आपण किती वेळा पाहिलंय, सगळे गादीवर बसून साड्यांचा ढीग उपसतात आणि नवरी कोपऱ्यात सरबत घेऊन बसलेली!

मी वाट बघते.

मंगल

राजुरी, २४ मे २००१

प्रिय मंगल,

नवरी मीच आहे.

आधी लिहायला हवं होतं. तीन वेळा कागद घेतला. लिहिलं की खरं होईल असं वाटत होतं. तुझं पत्र आलं तेव्हा बस्ता होऊन गेला होता.

मुलगा मंचरच्या पुढचा, अवसरीकडचा. घरी बागायत आहे. माणसं वाईट नाहीत. बघायला आले, चहा झाला, आणि चार दिवसांत सुपारी फुटली. लग्न जूनच्या दुसऱ्या रविवारी.

तुझं पत्र वाचलं त्या संध्याकाळचं सांगते. आबा चष्मा लावून वाचत होते. हॉटेलपर्यंत मोठ्यांदा वाचलं. रात्रीचे दोन आले तिथे आवाज खाली गेला. फोटोंपाशी थांबले. पुढचं त्यांनी मनात वाचलं. सखूबाई म्हणाली, "वाचा की वो पुढं." आबांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. मग आईला म्हणाले, "पोरीला अठरावं पुरं झालं ना?" बस, एवढंच. सकाळी हौशीरामकाकांबरोबर मंचर.

मी भांडले नाही असं समजू नको. दोन दिवस जेवले नाही. आबा माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "तुझा बाप अडाणी आसंल, पण तुला इस्तवात ढकलायचा न्हाई." त्या रात्री मी जेवले.

बस्त्याचं ऐक. दोन्हीकडची मिळून वीसेक माणसं पांढऱ्या गादीवर. सासूबाईंना मानाच्या साड्या ठरवता येईनात. दुकानदार उलगडतोय, त्या नको म्हणतायत. माझा हात आपोआप पुढे गेला. एकीचा काठ उलटा करून बघितला, दुसरीचा पदर. ही करवलीला द्या, ही मोठ्या आत्याबाईंना, यातला रंग उतरेल तो नको. असं करता करता सगळा बस्ता मीच काढला. सासूबाई आबांना म्हणाल्या, "पोरीला कापडातलं लई कळतं वो पावणं. आमची काळजीच मिटली." सगळे खूश. आबा पण हसले. मामीनं मात्र माझ्याकडे बघितलं नाही, ती सरबताचा पेला धरून बसली होती.

माझी साडी सासूबाईंनी काढली. मोरपंखी. टिकल्यांची. मी छान आहे म्हणाले.

मग गठ्ठे बांधले, हळदकुंकू लावलं. बस्ता बांधला म्हणजे लग्न झाल्यातच जमा, त्यानंतर माघार घेणारं घर आपल्याकडे तोंड दाखवत नाही. हे तुला वेगळं सांगायला नको.

मॅडमना सांग, येत नाही म्हणून. तुझ्यावर राग नाही गं. तू माझ्यासाठीच लिहिलंस. तिथलं जग आहे तसं आहे, त्याला तू तरी काय करणार.

लग्नाला ये.

हर्षाली

राजुरी, ४ जून २००१

चि. मंगल हिला सयाजीमामाचा आशीर्वाद.

मी सुखरूप पोचलो. पुण्यातली सगळी घरं झाली, पत्रिका दिल्या, अक्षता दिल्या. तुझ्याकडं शेवटी आलो व्हतो. मी सातवी शिकलेला माणूस, लिहिण्यात चूकभूल झाली तर समजून घे.

तू दार उघडलंस आणि तुझं तोंड एकदम उतरलं. मला वाटलं पोरगी आजारी हाय. मग आत आलो तेव्हा समजलं.

खाली सतरंजीवर चार बाया हुकं लावत बसल्या व्हत्या. त्यातली लंकाबाई आपल्या बेल्ह्याची निघाली. तिनं मला ओळखलं, माझ्या चुलत्याचं नाव घेतलं. मॅडमच्या सासूबाईंनी पाणी दिलं. कुठले, शेती किती, कांद्याला काय भाव मिळाला, सगळं विचारलं. जेवल्याबिगर उठू दिलं न्हाई. तू इस्त्री करत व्हतीस. बोटाला चिंधी बांधलेली. मी त्या आजींना आडून विचारलं, पोरींना रातच्या कार्यक्रमाला न्यावं लागतं का. त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, लोकांच्या पोरी आहेत. सातला मी गेटला कुलूप लावते. माझी सून जाते ना, ती पुरे."

खिडकीजवळ एक मशीन मोकळं व्हतं. आजी म्हणाल्या, "ही तुमच्या मुलीची जागा. सुनेनं कुणाला बसू दिलं नाही अजून. कधी आणताय?" माझ्या हातात अक्षतांची पिशवी. पत्रिका त्यांच्या हातात दिली. त्यांनी नाव वाचलं, मग माझ्याकडं बघितलं.

तू तसं का लिहिलंस ते मी विचारत न्हाई. ब्लाउजं शिवायला पोरगी पाठवू का, असं मीच बोललो. ते तुझ्या कानावर गेलं, तुला लागलं आसंल. पण मंगल, मी आणखी एक विचारलं व्हतं. घरात वडीलधारं कोण हाय, एवढंच. त्याचं उत्तर तू लिहिलं असतंस तर मी पोरीला सोता आणून सोडली असती. ब्लाउजं तर ब्लाउजं.

आता मोडता येत न्हाई. बस्ता झाला, पत्रिका गावोगाव गेल्या. पाहुणे भले हायेत. मोडलं तर तिच्या नावाला डाग लागंल, अन् तिच्या धाकट्या बहिणीच्याबी. मी तिला मशीन आंदण द्यायचं म्हणत व्हतो. पाहुणे म्हणाले, आमच्यात बाया शिवणकाम करत न्हाईत. ते तिथंच राह्यलं.

एक मागतो. त्या घरात मी काय बघितलं ते हर्षालीला सांगू नको. बापानं आपल्याला वाईटातून राखलं असं तिला वाटतंय. तेवढ्यावर ती बोहल्यावर उभी राहील. बाप चुकला, जागा चांगली व्हती, असं तिला कळलं तर ती नांदायची न्हाई. अन् न्हाई नांदली तर जाईल कुठं?

पत्र फाडून टाक. लग्नाला ये.

सयाजी

पुणे, ७ जून २००१

मामा,

पत्र फाडलं. हे लंकाबाईच्या हातून पाठवतेय, ओट्यावर वाचलं जाऊ नये म्हणून.

मला वाटलं होतं, मोठं दिसलं की तुम्ही हो म्हणाल. सासूबाई, सतरंजी, सातचं कुलूप, हे लिहायचीच मला लाज वाटली.

नाही सांगणार. कधीच नाही. लग्नाला येते.

मंगल

अवसरी, १ जुलै २००१

प्रिय मंगल,

मांडवात तू होतीस पण बोलणं झालंच नाही. तू सारखी भांड्यांपाशी, वाढप्यांपाशी. मी दोनदा हाक मारली. ऐकू आली नसेल.

इथे बरं आहे. हे शांत आहेत. सासूबाई कुणाकडे लुगडं-साडी घ्यायची झाली की मला बरोबर नेतात, दुकानात सगळ्यांना सांगतात, आमच्या सुनेला विचारा. शिवायचं मात्र नाही. मी एकदा परकराला टीप घालायला सुई काढली तर म्हणाल्या, "ठिव ती. शिंपी कशाला हाय गावात?" दुपारी हाताला काही नसतं. मग बोटं आपोआप ओच्याचा काठ मोजत बसतात.

एक विचारायचंय. मला फसवू नको.

पाठवणीच्या वेळी आबा रडले. बाप रडतोच, सगळे म्हणाले. पण मला धरून ते कानात म्हणाले, "माझं चुकलं बाय." काय चुकलं? मी विचारलं, तर तोंड फिरवलं. पुण्याला पत्रिका द्यायला गेले होते तेव्हापासून ते माझ्याशी नीट बोलत नव्हते. माझ्या हातचा चहा घेताना सुद्धा खाली बघायचे. परवा मला भेटायला आले, तर ओसरीवर बसून राहिले, घरात आले नाहीत.

ते तुझ्याकडे आले होते ना? काय बघितलं त्यांनी तिथे? मला रात्री झोप लागत नाही. एक विचार सारखा येतो, तो लिहायची भीती वाटते. तिथली जागा चांगली होती का, मंगल? मी आले असते तर चाललं असतं का? चांगली असेल तर आबांनी माझ्यावर हे का लादलं? आणि मग मी इथे कशाला आहे?

खरं काय ते लिही. जे असेल ते. तू सांगशील ते मी मानेन, मग परत विचारणार नाही.

तुझीच,
हर्षाली

पुणे, ९ जुलै २००१

प्रिय हर्षाली,

तू विचारलंस म्हणून सांगते. मनातून काढून टाक.

मामा आले होते. त्यांनी जे बघितलं ते बापानं बघायचं नव्हतं. मी त्या दिवशी सकाळी घरी नव्हते. आदल्या रात्रीच्या कार्यक्रमाहून दुपारी आले. बाहेर कुणाची तरी गाडी उभी होती, आत ओळख नसलेली माणसं बसली होती. मामांना पाणीही कुणी विचारलं नाही. ते दारातच उभे राहिले, पत्रिका ठेवून निघाले. मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही. मांडवात मी तुझ्यासमोर आले नाही ती त्या लाजेनं.

माझं चुकलं म्हणाले ते यासाठी, की तुला दोन वर्षं ओतूरला माझ्याबरोबर ठेवलं आणि हे वेड तुझ्या डोक्यात बसू दिलं. मला ते स्वतः तसं म्हणाले. तुझ्यासमोर खाली बघतात ते माझ्यामुळे, त्यांच्याच मेहुण्याची पोरगी अशी निघाली म्हणून. तुला त्याचं काही लावून घेऊ नको.

मी पत्रात जे लिहिलं होतं ते सगळं खरं होतं, फक्त चांगलं म्हणून लिहिलं होतं, आणि ते चांगलं नाही. इथे मोठं माणूस कुणी नाही. कुणी कुणाला विचारत नाही, कुठे होतीस म्हणून. तू आली असतीस तर आठ दिवसांत रडून परत गेली असतीस, किंवा गेली नसतीस, ते आणखी वाईट. मामांनी एका पत्रावरून सगळं ओळखलं. आपल्याला कळलं नाही ते त्यांना ओट्यावर बसून कळलं.

त्यांच्यावर राग धरू नको. पुढच्या वेळी आले की हाताला धरून घरात ने. त्यांना जेवायला वाढ, आणि समोर बस. त्यांना बरं वाटेल.

हे पत्र कुणी वाचलं तरी चालेल. सासूबाईंनी, सखूबाईनं, कुणीही. मंगल तशीच निघाली, असं म्हटलं कुणी तर तू भांडू नको. माझं मी बघते.

आणि त्या दुसऱ्या जागेचं. तेही मी वाढवून सांगितलं होतं. मॅडमनी दोन मुलींचं कधी म्हटलंच नव्हतं. जाकिटाकडेही त्यांनी नीट बघितलं नाही. तुला यावंसं वाटावं म्हणून मी बोलले. इथे तुझ्यासाठी कुणी वाट बघत नव्हतं, हर्षे. जागा नव्हतीच.

मंगल